माझं वाक्य, तिच्या आवाजात

मी पत्रकं लिहिते. लातूरला कॉलेजात होते तेव्हापासून लिहिते. एसटीच्या पाससाठी, वाचनालय लवकर बंद होतं म्हणून, मेसच्या पातळ वरणावर. पत्रक कसं असावं हे माझ्या हाडात भिनलंय. वर ठळक मथळा, मग दोषी कोण, मग मागण्या, शेवटी उद्गारचिन्ह. ज्याच्या हातात पडेल त्याला राग आला पाहिजे. राग नाही आला तर कागद वाया गेला.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणात माझं लिहिलेलं कुणी वाचलं नाही आणि तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

ती म्हणजे माझी रूममेट. नायगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, फिजिक्सची. मी देवणीची, किराणा दुकानदाराची. नांदेडच्या बाहेर आमचा कॅम्पस आहे, आणि कुणा शहाण्यानं मुलींचं वसतिगृह त्याच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात बांधलंय. भिंतीपलीकडे नाला. आम्ही नव्या होतो त्या वर्षी सप्टेंबरात बंगालच्या उपसागरातलं एक वादळ आंध्रात शिरलं, तेलंगणातून सरकत सरकत आमच्या डोक्यावर येऊन बसलं, आणि नाला भिंत ओलांडून आत आला. तळमजल्यावरच्या मुलींच्या गाद्या, पुस्तकं, घरून आणलेल्या चिवड्याचे डबे, सगळं तरंगलं. वादळ येतंय हे कुणालाच माहीत नव्हतं असंही नाही. हवामान खात्यानं सांगितलं होतं. आमच्या कार्यालयानं परिपत्रकसुद्धा काढलं होतं! ते इंग्रजीत होतं, आणि फलकावर लागलं तेव्हा आम्ही गाद्या उन्हात टाकत होतो.

मी पत्रक काढलं, 'पाणी आलं, सूचना कुठाय?' धरणं धरलं. कार्यालयानं समिती नेमली, समितीनं चहा घेतला. मग मी म्हटलं, यांच्या भरवशावर राहायचंच नाही. कॅम्पसला वादळाची खबर आपण द्यायची. व्हॉट्सअॅपचा ग्रुप मी काढला. नाव मी ठेवलं. मेसच्या दारात उभी राहून एकेकाला मी जोडलं. आज कॅम्पसात कुणालाही विचारा, तो ग्रुप 'हवामानताईचा' आहे.

हवामानताई! तिला मी आणलं होतं. बाकीच्या मुली मालिका बघतात तशी ती उपग्रहाचे फोटो बघायची. पलंगावर पालथी पडून, गाल उशीत रुतवून, बोटानं ढग पुढेमागे सरकवत. मी म्हटलं, तू मला माहिती दे, मी लिहिते. तिनं मान हलवली. तिला काहीच नको होतं, हेच तर मला नंतर खुपलं. ज्याला काही नको असतं त्याच्याशी भांडायचं कसं?

पहिले काही दिवस मी लिहिलं. 'उपसागरात कमी दाबाचा पट्टा, प्रशासन मात्र गाढ झोपेत! आणखी किती गाद्या भिजायच्या?' असं. लोक वाचत नव्हते. काही जण ग्रुपातून निघून गेले. एकानं जाताना लिहिलं, 'लीडर, पाऊस येणार हाय का न्हाई तेवढं सांगा ना.'

मग एकदा मी संघटनेच्या बैठकीला लातूरला गेले आणि मागे तिनं माझी वाट न बघता बोलून निरोप टाकला. लिहायचा कंटाळा आला म्हणून बोलली, असं ती म्हणते. मी तो बसमध्ये ऐकला. 'ऐका. आंध्राच्या किनाऱ्याला लागलेलं वादळ आता वादळ राहिलं न्हाई, पण त्याचा पाऊस आपल्याकडं निघालाय. दुपारनंतर येईल. कपडे आत घ्या. तळमजल्यावरच्या पोरींनो, पुस्तकं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. देगलूर, बिलोलीकडं जाणाऱ्यांनी सकाळच्याच गाडीनं जावं. भ्यायचं काम न्हाई.' बस. एवढंच. ना दोषी, ना मागणी, ना मथळा. मला वाटलं, हे काय बोलणं आहे? हे तर शेजारीण ओट्यावरून सांगते तसं झालं.

परत आले तर मेसमध्ये तोच निरोप मोबाईलच्या स्पीकरवर लावलेला आणि लोक भाकरी मोडता मोडता ऐकतायत. पाऊस दुपारनंतर आला. पुस्तकं वरच्या फळीवर होती.

त्या दिवसापासून मी संपले. म्हणजे ग्रुपापुरती. मुलं तिला वाटेत थांबवायची. 'ताई, उद्या हदगावला जायचंय, जाऊ का ओ?' 'ताई, गावाकडं मळणी काढून राहिलेत, दोन दिवस उघाड हाय का?' मला ती मुलं लीडर म्हणायची, मागून पॅम्प्लेटवाली. मी त्यांच्यासाठी भांडले होते. मुलांच्या वसतिगृहात गरम पाणी आलं ते माझ्या धरण्यानं. आंघोळ करताना कुणाला माझी आठवण येते? कपडे वाळत घालताना तिची येते.

आणि अव्वा! आमच्याकडे आईला अव्वा म्हणतात. माझ्या अव्वाला मीच हौसेनं ग्रुपात घेतलं होतं, लेकीचं काम बघेल म्हणून. एके दिवशी रूममेटचा फोन वाजला, पलीकडून माझ्या आईचा आवाज. 'बाळ, अंगणात सोयाबीन पसरलंय. झाकू का राहू देऊ?'

'काकू, राहू द्या आज. उद्या दुपारच्या आत मात्र गोळा करा.'

'तू सांगितलंस म्हणजे झालं बघ.'

मी समोरच्या पलंगावर बसले होते. मी हात पुढे केला, म्हटलं दे इकडे. अव्वा म्हणाली, 'तू हाईस का तिथं? जेवलीस का? बरं, ठेवते.' वीस वर्षं जिचं ऐकत वाढले ती बाई माझ्याशी तेवढंच बोलली.

मी तिचे निरोप आवाज बारीक करून ऐकायची, चादर डोक्यावरून घेऊन, तिला कळू नये म्हणून. ती कुठे थांबते, कुठे श्वास घेते, हे बघायची. एकदा गच्चीवर जाऊन स्वतःचा आवाज भरून पाहिला. 'ऐका,' म्हटलं. ऐकल्यावर वाटलं, ही बाई घेराव घालायला आलीय. पुसून टाकला.

तिचं चुकावं म्हणून मी वाट बघायची. चुकलंही. मुसळधार म्हणाली आणि ढग परभणीकडे निघून गेले, आमच्याकडे धूळसुद्धा बसली नाही. त्या दिवशी मी आपल्या पैशांनी सगळ्या मजल्याला भजी खाऊ घातली. संध्याकाळी तिचा निरोप आला, 'चुकलं माझं. वारं फिरलं, ते मला दिसलं न्हाई. छत्र्या घेऊन हिंडायला लावलं, माफ करा.' लोकांनी तिला हात जोडल्याची, हसल्याची चित्रं पाठवली. चुकून ती आणखी आवडती झाली. चुकलं माझं, असं मी एकाही पत्रकात लिहिलेलं नाही. पत्रकाला ते परवडत नाही.

तर हे असं चाललेलं असताना नवरात्र आलं.

मुलांच्या वसतिगृहातलं मंडळ घटस्थापनेला माहूरहून ज्योत आणतं. गडावर देवीपुढे मशाल पेटवायची आणि आळीपाळीनं हातात धरून, अनवाणी, धावत नांदेडला आणायची. मागे टेम्पो, त्यात तेलाचा डबा, केळी, दमलेली मुलं, वर भोंगा. ज्योत विझू द्यायची नाही, भुईवर टेकवायची नाही, मागे फिरवायची नाही. विझली तर वर्षभर सगळा मजला एकमेकांवर त्याचं खापर फोडत बसतो. वसतिगृहातली मुलं म्हणून परवानगी मिळत नव्हती, ती मी मिळवून दिली होती. कार्यालयात दोन तास उभी राहून!

मंडळाचा म्होरक्या आमच्या खोलीखाली येऊन उभा राहिला. उंच, किडकिडा, मुखेडकडचा. मी खिडकीत होते. माझ्याकडे बघून म्हणाला, 'लीडर, ताई हायत का?'

ती खिडकीत आली. उपसागरात तेव्हा वादळ होतं. ते विशाखापट्टणमच्या आसपास किनाऱ्याला लागेल आणि त्याचा पाऊस आदिलाबादवरून माहूर-किनवटच्या पट्ट्यात येईल, असं तिनं सांगितलं. 'पण घटस्थापनेच्या दुपारी. तुम्ही तवर निघून आलेले असाल. तरी माझा फोन उचलत जा.'

'ताई, तुमचा फोन न उचलायला आमी काय वेडे हाव का?'

गेले. आणि वादळानं पाय उचलले. त्यांनी गडावर ज्योत पेटवली त्या सकाळी ती पालथी पडलेली उठून बसली. दुपारी यायचा पाऊस एक दिवस आधीच निघाला होता. फोटोत आदिलाबादवर पांढराफेक गोळा, तो पश्चिमेला सरकत होता. तिचं काम फोटोवर थांबत नसे. कुठल्या मुलीचं घर कुठे आहे हे तिला पाठ होतं, ती घरी फोन लावायला लावून आभाळाचं विचारून घ्यायची. किनवटची मुलगी म्हणाली, घरच्यांनी दिवे लावलेत, एवढं अंधारलंय.

तिनं निरोप टाकला. 'ज्योतवाले, ऐका. जिथं असाल तिथंच थांबा. किनवटच्या अलीकडच्या ओढ्यांना पाणी येणार हाय. पुलावर जाऊ नका.'

थोड्या वेळानं म्होरक्याचं उत्तर आलं. धापा टाकत, मागे भोंग्यावर आरती. 'ताई, ज्योत थांबत नसती. देवी हाय संगं. पाऊस यायच्या आत आमी वढा पार करतो.'

ती पुन्हा बोलली. ढग किती उंच आहेत, पाऊस किती पडेल, ओढ्याला पाणी यायला किती वेळ लागतो, सगळं नीट समजावून. उत्तर आलं, 'जय माता दी, ताई.' आणि एक व्हिडिओ. ओल्या रस्त्यावर एक मुलगा ज्योत उंच धरून पळतोय, बाकीचे टाळ्या वाजवतायत. आधी होता त्याहून जोरात पळत होता.

ती माझ्याकडे बघायला लागली. 'ऐकून न्हाई राहिलेत गं. माझं ऐकून न्हाई राहिलेत.'

मी खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठाचं पाणी प्यावं तसं बरं वाटलं. तिचंही कुणी ऐकत नाही, असा एक दिवस मला हवाच होता. मग मी तो व्हिडिओ परत बघितला. पळणाऱ्या मुलाच्या मागे टेम्पोत तेलाचा डबा धरून बसलेला जो मुलगा होता, तो धरण्याला माझ्यामागे रोज येऊन बसायचा.

त्यांचं काय अडलंय ते मला त्याच क्षणी दिसलं होतं, आणि तिला दिसणं शक्य नव्हतं. तिच्या गावात ज्योत येत नाही. आमच्या गल्लीत तुळजापूरहून येते. माझा भाऊ धावलेला आहे. ज्योत हातात असलेल्या पोराला 'थांब' म्हणणं म्हणजे 'विझव' म्हणणं. तो थांबूच शकत नाही, मागची पोरं त्याला थांबू देणार नाहीत. पण एकदा औशाच्या पुढे पावसानं गाठलं तेव्हा आमच्या गल्लीची ज्योत रात्रभर एका देवळात राहिली होती. मशालीवरून समई लावली. समई जळते तोवर ज्योत जागीच. सकाळी समईवरून मशाल पेटवली आणि निघाले. त्याला विसावा म्हणतात. कुणी त्याला थांबणं म्हणत नाही.

मी म्होरक्याला स्वतः लिहिलं. पत्रकासारखं नाही, साधं लिहिलं. जवळच्या देवीच्या देवळात जा, समई लावा, विसावा द्या, पाणी ओसरलं की निघा.

उत्तर आलं. हसण्याची तीन तोंडं आणि, 'लीडर, ह्याच्यात बी आंदोलन का?'

माझे कान तापले. मी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, कापला. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी घसा फोडला त्यांना माझा आवाज ऐकला की पुढे घोषणा येणार असं वाटतं, यात त्यांचा दोष की माझा, ते ठरवायला तेव्हा वेळ नव्हता. किनवटच्या मुलीच्या घरी पाऊस सुरू झाला होता.

खोलीत दोघीच होतो. तिच्या हातात फोन होता. मला ठाऊक होतं काय करायचं आणि ते करायची माझी अजिबात इच्छा नव्हती. ते वाक्य माझं होतं. माझ्या गल्लीचं, माझ्या भावाच्या पायांच्या फोडांचं. या सगळ्या काळात तिला ठाऊक नसलेलं आणि मला ठाऊक असलेलं असं ते एकच होतं.

'मी सांगते तसं बोल,' मी म्हटलं.

'काय?'

'थांबा म्हणू नकोस. थांबा हा शब्दच काढायचा नाही.'

मी सांगत गेले, ती ऐकत गेली. मग बटण दाबून तिच्या त्या ओट्यावरच्या आवाजात बोलली. 'ज्योतवाले, ऐका. ज्योतीला विसावा द्या. वाटेत देवीचं देऊळ लागेल तिथं न्या, समई लावा, समईपाशी दोघं जण जागे राहा. ज्योत जळतीच राहील, विझायची न्हाई. पाणी ओसरलं की समईवरनं पेटवून निघा. आणि पुलावर जाऊन उगं मर्दपणा दाखवू नका, देवीला मर्दपणाचं काही पडलेलं न्हाई.'

माझं एक 'ताबडतोब' तिनं गाळलं. मला तेही लागलं.

उत्तर आलं नाही. निळ्या खुणा आल्या, म्हणजे ऐकलं होतं. ती पलंगाच्या कडेला बसून नखं खात होती. मी उभी होते. बाहेर आमच्याकडे लख्ख ऊन पडलेलं, आणि खाली कुणीतरी मजेत ओढणी पिळत होतं.

मग फोटो आला. लहानसं देऊळ, वर पत्रे. आत दगडी देवी, तिच्यापुढे समई, समईपाशी तो तेलाचा डबा मांडीत घेऊन बसलेला मुलगा. म्होरक्या म्हणत होता, 'ताई, विसावा दिला. गावातले लोक पिठलं-भाकरी घेऊन आले.' त्यानंतर बराच वेळ काही नाही. आणि मग त्याच गावातल्या कुणीतरी काढलेला व्हिडिओ. ओढा पुलावरून चालला होता. लाल, जाड पाणी, पुलाचे कठडे दिसत नव्हते. त्या पाण्यावर नजर ठेवून कुणी बाई म्हणत होती, 'गेली असती की गं लेकरं.'

ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि हात ठेवलेला असतानाही मनात हेच होतं की आता उद्या काय होणार ते दिसतंच आहे.

तसंच झालं. ज्योत उशिरा आली, ऊन चढल्यावर. फाटकापाशी अख्खा कॅम्पस. परिपत्रक वेळेवर न लावणारे साहेबलोकसुद्धा गंध लावून पुढे. मुलांचे पाय चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले, आवाज बसलेले. म्होरक्यानं ज्योत आणली ती सरळ तिच्यापुढे.

'ताई, पहिलं तेल तुमच्या हातचं.'

'मी न्हाई रे,' ती म्हणाली. तिनं माझं मनगट धरून मला पुढे ओढलं. 'विसाव्याचं हिनं सांगितलं. मला कुठं काय ठाऊक होतं? मी फक्त बोलले.'

म्होरक्या हसला. सगळे हसले. मागून कुणी तरी म्हणालं, 'ताईचं मन बघा किती मोठं हाय.' दुसरा म्हणाला, 'रूममेट हायत ना, म्हणून मान वाटून राहिल्या.' तिनं पुन्हा सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. जितकं सांगेल तितकी ती त्यांना जास्तच भली वाटत गेली. शेवटी तिनं तेल घातलं, दुसरं काय करणार? आणि तेलाची बाटली माझ्या हातात दिली. ज्योत भडकली. टाळ्या पडल्या. माझ्या बोटांना तेल लागलं होतं आणि पुसायला काही नव्हतं.

मला त्या मुलांचा राग आला. ती पोरं जिवंत होती, समोर उभी होती, त्याचा आनंद होता, आणि राग होता. दोन्ही एकाच जागी मावत होतं. मी बाटलीचं झाकण लावलं आणि खोलीवर आले.

अव्वाचा फोन आला. आज मला केला होता, तिला नाही. ग्रुपातलं सगळं तिनं ऐकलं होतं.

'काय हुशार पोरगी गं! ज्योत देवळात न्या म्हणली. आपल्या गल्लीतबी तुझ्या भावाच्या वक्ताला असंच केलं होतं, आठवतं का तुला?'

'आठवतं, अव्वा.'

'नायगावच्या पोरीला हे कसं ठाऊक असंल?'

'असेल कुठून तरी.'

'सगळं चांगलं बोलली. एकच मला पटलं न्हाई. ते मर्दपणाचं. देवीच्या नावानं असं टोचून बोलतेत का? ते तिचं बोलणं न्हाईच. ते तुझं हाय. तुझ्या संगतीनं बिघडून राहिली बघ ती. तिला असलं नको शिकवू.'

'बरं,' मी म्हटलं.

फोन ठेवला. खालून भोंग्यावर आरती सुरू झाली होती, रूममेट अजून मंडपातच होती. मी कालचा विसाव्याचा निरोप काढला आणि लावला, आवाज पूर्ण मोठा करून.